सारखा वाटा

कराडपासून टेंभू तसं लांब नाही. कृष्णेच्या काठचं गाव. आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, कृष्णेचं पाणी उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर नेणारी. आमच्या लहानपणी मात्र गुरुजी टेंभूचं नाव घ्यायचे ते आगरकरांसाठी. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म तिथला, १४ जुलै १८५६ चा. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६ चा. मध्ये फक्त नऊ दिवस. पुढं हे दोघे पुण्यात जिवलग मित्र झाले आणि मग एकमेकांच्या विरोधात उभे राहिले, एवढं सांगून धडा संपायचा. का विरोधात गेले? एकाला आधी राजकीय हक्क पाहिजे होते, दुसऱ्याला आधी समाजसुधारणा. परीक्षेत एवढं लिहिलं की पाचपैकी चार गुण पक्के.

आता सत्तरीला टेकलोय. वर्गातल्या मित्रांची मोळी कशी सुटत गेली हे जन्मभर बघितलं. त्यामुळं त्या उत्तरात काहीतरी उणं आहे असं वाटायला लागलं. आमच्यातलं कुणी कुणापासून मतावरून तुटलं नाही. एक काँग्रेसचा, एक शेकापचा, एक कुणाचाच नव्हे, असे आम्ही एका बाकावर बसलो आणि एका ताटात जेवलो. तुटलो ते दुसऱ्याच गोष्टीवरून. म्हणून टिळक-आगरकरांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिच्यात मला माझ्या गावचीच माणसं दिसली.

आगरकरांच्या घरी दारिद्र्य होतं. शिक्षणासाठी ते कराडला आजोळी राहिले. इंग्रजी तीन इयत्ता झाल्यावर पुढं शिकायची सोय नव्हती. कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं. शिकायचं म्हणून कराडहून रत्नागिरीला चालत गेले. घाट उतरून, पायी. तिथंही निभावलं नाही, तेव्हा नातलगांच्या आसऱ्यानं अकोल्याला गेले आणि १८७५ साली मॅट्रिक झाले. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथं अंगावर एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. वर्तमानपत्रात लिहून आणि बक्षिसं, शिष्यवृत्त्या मिळवून त्यांनी शिक्षण पुरं केलं.

टिळकांचं घरही श्रीमंत नव्हतं. पण वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि कोकणात चिखलगावला थोडी खोती होती. १८६६ साली वडिलांची बदली झाली तेव्हा टिळक रत्नागिरीहून पुण्याला आले. पुढं आगरकर शाळेसाठी पायपीट करत ज्या रत्नागिरीत पोचले, तिथून टिळक आधीच निघून आलेले होते. टिळक सोळा वर्षांचे असताना वडील वारले, पण मागं थोडी पुंजी ठेवून गेले. आगरकरांच्या मागं तेवढंही नव्हतं.

हा फरक लक्षात ठेवायचा. कॉलेजात असताना तो दिसत नाही.

दोघांची गाठ पडली ती १८७९ च्या सुमारास, डेक्कन कॉलेजात. टिळक वकिलीचा अभ्यास करत होते, आगरकर एम.ए.चा. बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्याकडं निघालं की हे कॉलेज लागतं. टिळक राहायचे ती खोली तिथं अजून जपून ठेवली आहे. आसपास तेव्हा मोकळं माळरान आणि टेकडी. त्या माळावर फिरता फिरता दोघांनी ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, थोडक्यात भागवायचं आणि देशातल्या पोरांना शिकवायचं. एम.ए. होणाऱ्या पोराला त्या काळी मोठ्या पगाराची जागा मिळायची. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं घेऊन बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. हे पत्र मराठी माणसाला पाठ आहे. पण ते वाचताना मला नेहमी आगरकरांपेक्षा त्या माउलीचं वाटतं. पोरगं शिकून आता चार दिवस बरे येतील म्हणून ती वाट बघत असणार. त्या त्यागातला एक वाटा तिच्याकडून, तिला न विचारता, घेतला गेला होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले आणि २ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढच्या वर्षी एम.ए. होऊन आगरकरही शाळेत रुजू झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. मराठी ‘केसरी’ आगरकरांनी सांभाळायचा, इंग्रजी ‘मराठा’ टिळकांनी. दिवसा शाळा, रात्री छापखाना.

मग कोल्हापूरचं प्रकरण झालं. तिथले दिवाण माधवराव बर्वे महाराजांना छळतात, अशा अर्थाचा मजकूर या पत्रांत आला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला, ती खोटी निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. फुल्यांचं आणि या मंडळींचं किती गोष्टींत पटत होतं? चिपळूणकरांनी तर फुल्यांवर सडकून टीका केलेली. तरी अडचणीला माणूस धावून आला. मत वेगळं असलं की माणूस तुटतोच असं नाही, याचा एवढा दाखला पुरे.

दुसरा दाखला खुद्द तुरुंगातला. आगरकरांनी पुढं त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं. दोघे एका खोलीत, रात्र रात्र वाद घालायचे. आवाज इतका चढायचा की पहारेकऱ्याला गप्प करावं लागायचं. आधी समाज सुधारायचा की आधी राज्याचा प्रश्न हाती घ्यायचा, हेच ते वाद. म्हणजे ज्या मतभेदानं मैत्री मोडली असं आम्ही शाळेत लिहिलं, तो मतभेद १८८२ सालीच उघड होता. आणि तेव्हा दोघे एकमेकांना धरून होते. बाहेर आल्यावर लोकांनी गाडीतून मिरवलं तेही दोघांना एकत्रच. त्यानंतर १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. मत जुळत नव्हतं, काम जोरात चाललं होतं.

इथं आमच्या खोलीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही जुन्या अकरावीची परीक्षा दिली आणि एका वर्गातले तिघे पुण्याला आलो. नारायण पेठेत एका वाड्यात माडीवरची खोली घेतली. भाडं पंचेचाळीस रुपये. माझे वडील एसटीत होते, दर महिन्याला पगार यायचा. दुसऱ्याची नदीकाठी सहा एकर बागायत, ऊस कारखान्याला जायचा. तिसऱ्याचा बाप आणि आई दोघं दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरात मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. पहिल्याच दिवशी आम्ही ठरवलं, तिघांत सगळं सारखं. भाडं पंधरा-पंधरा, खानावळ सारखी, रविवारचा सिनेमा सारखा. मैत्रीत कमी-जास्त नको. ऐकायला किती चांगलं वाटतं.

सहा महिन्यांत काय झालं? तिसरा रविवारी खोलीवर दिसेना. कामाच्या जागी चालत जायला लागला. खानावळीत एक वेळचाच डबा लावला आणि म्हणाला, मला रात्री भूक नसते. आम्ही दोघांनी मिळून त्याचा वाटा भरायचं म्हटलं, तर चिडला. "मी काय भिकारी हाय का?" बागायतवाला म्हणाला, "आरं, पंधरा रुपयांचं काय एवढं!" त्याचं खरंच होतं, त्याला ते एवढंसं होतं. पंधरा रुपये तिघांचे सारखे, पण एकाचे खिशातून जात होते आणि एकाचे गावाकडच्या भाकरीतून. गावाकडं मनिऑर्डर गेली नाही तर तिथं चूल पेटत नव्हती. हे त्यानं कधी तोंडानं सांगितलं नाही आणि आम्ही कधी नीट विचारलं नाही. १९७६ ला त्याला पिंपरीला कंपनीत काम लागलं, तो तिकडं गेला. भांडण असं झालंच नाही. सामान टेम्पोत टाकताना आम्ही तिघांनी चहा घेतला होता.

आता सोसायटीकडं वळू. आजीव सदस्यांनी वीस वर्षं काम करायचं आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर भागवायचं, असा रिवाज पडला. टिळकांचं म्हणणं होतं की हा त्याग पुरता असला पाहिजे. सदस्यानं बाहेरचं काम धरू नये, बाहेरची मिळकत करू नये, जेझुइट पाद्री राहतात तसं राहावं. तत्त्व म्हणून बिनतोड. टिळक स्वतःही तसेच राहत होते, पहिल्या वर्षी तर त्यांनी शाळेकडून काहीच घेतलं नव्हतं. पण आगरकरांच्या गळ्यात बायको-पोरं, छातीत दमा आणि मागं वडिलोपार्जित कवडी नाही. मुलांसाठी चार पैसे मागं राहावेत असं त्यांना वाटलं तर त्यात नवल काय? १८८७ च्या आसपास पगारवाढीचा प्रश्न निघाला, तेव्हा दोघे दोन बाजूंना होते. कामाची वाटणी, रजा, बाहेरची मिळकत, एकेका गोष्टीवरून सभेत मतदान व्हायला लागलं. ज्यांनी टेकडीवर फिरताना शपथ घेतली ते आता ठराव मांडत होते.

मला यात टिळकांना दोषी धरायचं नाही. ज्यानं नियम केला तो स्वतः नियम पाळत होता. आगरकरांनाही कुणी लोभी म्हणू नये, त्यांनी मोठ्या पगाराची वाट पहिल्या दिवशीच सोडली होती. पण पाठीवरचं ओझं दोघांचं वेगळं होतं आणि वजनकाटा एकच लावला होता. अशा वेळी माणूस "मला परवडत नाही" असं म्हणत नाही. तो तत्त्वाचं बोलतो. समोरचाही तत्त्वाचंच बोलतो. मग जुना मतभेद, जो तुरुंगात रात्रीच्या गप्पांत विरघळून जात होता, तो दगडासारखा घट्ट होतो.

त्यात मधला माणूस नव्हता. चिपळूणकर १७ मार्च १८८२ ला, ऐन खटल्याच्या दिवसांत वारले होते. वयानं थोरला, दोघेही ज्याचं ऐकतील असा तोच. गावात दोन भावांचं वाजलं की आत्या नाहीतर चुलता मध्ये पडतो, दोघांना एका ओसरीवर बसवतो. तशी ओसरी पुण्यात उरली नाही.

आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट झाली. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. गोपाळ कृष्ण गोखले त्यातली इंग्रजी बाजू सांभाळायचे. आता प्रत्येकाकडं आपापलं पत्र झालं. जे एका खोलीत तोंडावर बोललं जायचं ते छापून यायला लागलं. तोंडावर बोललेलं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुसता येतं. छापलेलं पुसता येत नाही, आणि ते वाचायला सगळं पुणं बसलेलं. प्रत्येकाच्या मागं टाळ्या वाजवणारे उभे राहिले. मित्राला उद्देशून लिहिलेलं वाक्य मित्राआधी टाळ्यावाल्यांना पोचतं, आणि लिहिणाऱ्यालाही हळूहळू त्यांच्यासाठीच लिहायची सवय लागते.

गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यावरून शेवटची ठिणगी पडली. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी लांबलचक पत्र लिहून सोसायटीचा राजीनामा दिला. जी शाळा त्यांनी काढली तिच्यातून ते बाहेर पडले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करणारा. ‘केसरी’ त्याच्या विरुद्ध, ‘सुधारक’ बाजूनं. दोन्ही पत्रांची भाषा त्या वर्षी जहरी झाली. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यावरून काढली गेली. ती टिळकांनी काढली नव्हती, टाळ्या वाजवणाऱ्या सनातन्यांनी काढली होती.

आमच्या वर्गाला वर्तमानपत्र नव्हतं, पण २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला. चाळीस वर्षांनी नावं सापडली, फोटो आले, केस गेलेली डोकी ओळखू येईनात. स्नेहमेळावा ठरला. वर्गणी प्रत्येकी तीन हजार, सगळ्यांना सारखी. पिंपरीचा आमचा मित्र आला नाही, पैसेही पाठवले नाहीत. एकानं ग्रुपवर लिहिलं, ‘पुण्यात राहून काही लोक मोठे झाले.’ खाली हसणारी चित्रं पडली, बारा-तेरा. तासाभरात त्यानं ग्रुप सोडला.

मी त्याच्या घरी गेलो. चिंचवडच्या पुढं दोन खोल्यांत राहतो, कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. वहिनी कॉटवर झोपलेल्या. त्यानं स्वतः चहा केला. बोलता बोलता म्हणाला, "आरं, तीन हजाराचं न्हाय रं. हिचं डायलिसिस हाय, आठवड्याला दोनदा. एकानं जरी मला फोन करून इचारलं आसतं, तर मी सांगितलं आसतं. त्यानी समद्यांच्या म्होरं लिवलं. आन् तुम्ही समदी हासलासा." मी हसणारं चित्र टाकलं नव्हतं, पण ते त्याला सांगून काय उपयोग होता? त्याच्यापुरते आम्ही सगळे एकच झालो होतो.

बागायतवाल्याला मी हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खोलीवर होतो तवापासनंच त्याला आपलं जड जात हुतं काय रं?" चव्वेचाळीस वर्षांनी हा प्रश्न आला.

आगरकर १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा वाढत गेला. १७ जून १८९५ ला ते गेले, एकोणचाळीसही पुरी नव्हती. त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, पत्नी यशोदाबाईंना कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून, असं सांगतात. ही गोष्ट आपण त्यांचं मोठेपण म्हणून सांगतो, आणि ते आहेच. पण मला ती पुरचुंडी त्या पगारवाढीच्या ठरावाशेजारी ठेवाविशी वाटते. ज्या माणसाला मरणाच्या दारात वीस-पंचवीस रुपयांची तजवीज आधीपासून करून ठेवावी लागते, त्याचा पंचाहत्तर रुपयांचा हिशोब इतरांसारखा कसा असेल?

टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. आगरकरांची लेखणी, त्यांची बुद्धी, पहिल्या दिवसांतली सोबत, सगळं त्यात आलं. मरणापुढं मतभेद मागं पडल्याचंही आलं. लिहिताना त्यांना फार जड गेलं म्हणतात आणि ते खरं असणार. पुढं टिळक पंचवीस वर्षं जगले. तो लेख सगळ्या पुण्यानं वाचला. ज्याच्यासाठी होता त्याला वाचता आला नाही.

आज पुण्यात टिळक रस्ता आहे आणि गोपाळ गणेश आगरकर रस्ताही आहे. दोघांच्या नावानं व्याख्यानं होतात, कोण बरोबर होतं यावर अजून वाद रंगतात. कोण बरोबर ते ठरवायला मी लहान माणूस आहे. तुमच्या जुन्या मित्रांपैकी कुणी येईनासा झाला असेल तर मात्र एवढं करा. त्याच्या मताचा विचार नंतर करा, आधी त्याच्या पाठीवर काय आहे ते बघा. आणि विचारायचं ते त्याच्या घरी जाऊन, दार लावून विचारा.

आमच्या ग्रुपवर आता वर्गणीचा आकडा लिहीत नाहीत. दोघे जण फोन करतात, ज्याला जे जमेल ते देतो, कुणी किती दिले ते त्या दोघांनाच ठाऊक. पिंपरीचा मित्र ग्रुपमध्ये परत आलेला नाही. बागायतवाला मात्र महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला येतो, स्वारगेटला उतरतो आणि तिथून चिंचवडची बस धरतो. डायलिसिसच्या दिवशी वहिनींना दवाखान्यात न्यायला दोन माणसं लागतात.